गुणवत्तेनुसार मोबदला : तैवानचा अनुभव आणि आपली तयारी

३१ जानेवारी २०२४ रोजी विमा नियामक प्राधिकरणाने आरोग्यविमा देणाऱ्या कंपन्यांना आयुष चिकित्सेस अन्य चिकित्सापद्धतींच्या बरोबरीचे स्थान देण्याचे निर्देश दिले आणि १ एप्रिल २०२४ पासून ते अमलात आले, तेव्हा आपल्या व्यवसायात समाधानाची भावना पसरणे स्वाभाविक होते. ठिकठिकाणच्या बैठकांत अभिनंदनाचे ठराव झाले. त्या ठरावांस आम्हीही हात वर केला होता. परंतु वैद्य आणि रुग्ण यांच्यामध्ये पैसे देणारा तिसरा पक्ष एकदा येऊन बसला, की तो केवळ पैसे देऊन स्वस्थ राहत नाही. आपण दिलेल्या पैशांच्या बदल्यात रुग्णाला नेमके काय मिळाले, हे तो विचारणारच. असे विचारण्याची एक विशिष्ट रीत गेल्या पंचवीस वर्षांत जगात रूढ झाली आहे. किती रुग्ण तपासले, किती दिवस दाखल ठेवले, एवढ्यावर बिल न चुकवता, चिकित्सा किती चांगली झाली यावर मोबदल्याचा काही भाग अवलंबून ठेवायचा, अशी ती रीत होय.

ही गोष्ट दूरची आहे असे कोणी समजू नये. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत एनएबीएचचे प्राथमिक प्रमाणपत्र असलेल्या रुग्णालयास पॅकेजच्या दरावर १० टक्के आणि पूर्ण मानांकन असलेल्या रुग्णालयास १५ टक्के अधिक देण्याची तरतूद झाली. २०२३ च्या आरंभी राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने त्याच्याही पुढे जाऊन रुग्णालयांचे मूल्यमापन पाच कसोट्यांवर करण्याचे जाहीर केले : लाभार्थ्याचे समाधान, पुन्हा दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण, रुग्णाच्या खिशातून गेलेला खर्च, खऱ्या ठरलेल्या तक्रारी, आणि रुग्णाच्या जीवनमानात झालेली सुधारणा. या पाचांतील एकही कसोटी वाईट आहे असे आम्हांस म्हणता येत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचा त्या योजनेशी आज प्रत्यक्ष संबंध नाही हेही खरे. तथापि सरकारी योजनेत जी मोजपट्टी रुळते तीच पुढे खाजगी विमा कंपन्यांच्या करारपत्रांत उतरते. तेव्हा ती मोजपट्टी आपल्या दारात येण्यापूर्वी, ज्यांच्या दारात ती आधीच येऊन गेली त्यांचे काय झाले, हे पाहणे शहाणपणाचे ठरेल.

त्यासाठी आम्ही तैवानकडे पाहतो, आणि त्यास कारण आहे. युरोप-अमेरिकेतील आरोग्यविम्याच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. त्यांत पारंपरिक वैद्य कोठेच नसतो. तैवानमध्ये मात्र १ मार्च १९९५ रोजी राष्ट्रीय आरोग्य विमा सुरू झाला तेव्हा पाश्चात्त्य वैद्यक आणि दंतवैद्यक यांच्याबरोबर चिनी पारंपरिक वैद्यकही त्यात आले. कामगार, सरकारी नोकर, शेतकरी यांचे निरनिराळे विमे एकत्र करून संपूर्ण देशासाठी एकच विमाकोष करण्यात आला. सुमारे सव्वादोन कोटी लोकसंख्येच्या त्या बेटावर आज ९९ टक्क्यांहून अधिक लोक त्यात आहेत. नाक्यावरच्या चिनी वैद्याकडे जाणाऱ्या रुग्णाने आपले विमाकार्ड पुढे करावे, ठरलेली छोटी रक्कम भरावी आणि औषध घेऊन जावे, इतका तो व्यवहार सरळ झाला आहे. म्हणजे आपण ज्याची मागणी वर्षानुवर्षे करीत आहोत, ते तेथील आपल्या समानधर्मीयांना तीस वर्षांपूर्वीच मिळाले.

एक भेद येथेच सांगून ठेवतो. तैवानमध्ये चिनी वैद्यकाला मिळालेले विम्याचे संरक्षण प्रामुख्याने बाह्यरुग्णांसाठी आहे. आपल्याकडे उलट आहे. आपली चिकित्सा मुख्यतः बाह्यरुग्ण विभागात चालते आणि विमा मात्र बहुधा रुग्ण दाखल झाला तरच पैसे देतो. याचा परिणाम काय होतो हे आपण जाणतोच. ज्या रुग्णाला घरी राहून पथ्य आणि शमन चिकित्सा पुरेशी आहे, तोही विचारतो, “वैद्यराज, ॲडमिट केलं तर पॉलिसीत बसेल का?” आणि खाटा असलेल्या वैद्याला मोह होतो. पैशाची वाट जिकडे काढावी तिकडे चिकित्सा वाहू लागते. गुणवत्तेनुसार मोबदल्याचा सारा इतिहास हेच दाखवतो.

तैवानच्या विम्याने प्रथम प्रत्येक सेवेमागे पैसे दिले. साहजिकच सेवा वाढल्या, भेटी वाढल्या, खर्च वाढला. म्हणून एकेका क्षेत्राचे वार्षिक अंदाजपत्रक बांधून देण्यात आले : जुलै १९९८ मध्ये दंतवैद्यकाचे, जुलै २००० मध्ये चिनी वैद्यकाचे, २००१ मध्ये पाश्चात्त्य पद्धतीच्या दवाखान्यांचे आणि २००२ मध्ये रुग्णालयांचे. या व्यवस्थेत सेवेची किंमत पैशांत नव्हे, तर गुणांत ठरते. वर्षाची थैली ठरलेली असल्यामुळे सर्वांनी मिळून अधिक गुण मिळवले, की एकेका गुणाचे मोल उतरते. एखाद्या वैद्याने अनावश्यक भेटी वाढवल्या, तर शेजारच्या गावातील प्रामाणिक वैद्याच्या बिलाला कात्री लागते. त्यामुळे तेथील वैद्यांच्या संघटनेला आपल्याच सभासदांच्या बिलांची छाननी करण्यात रस उत्पन्न झाला, आणि तो अधिकारही तिला काही प्रमाणात मिळाला. याच अंदाजपत्रकातून थोडी रक्कम गुणवत्तेसाठी राखून ठेवण्यात येते व ठरलेल्या अटी पाळणाऱ्या दवाखान्यांत ती वाटली जाते. संघटना म्हणजे केवळ स्नेहसंमेलन आणि सत्कार नव्हे, हे तेथील वैद्यांना पैशानेच शिकवले. (आपल्या संघटनेविषयी आम्ही काही बोलत नाही. अंक छपाईस जायचा आहे.)

गुणवत्तेनुसार मोबदल्याचा मोठा प्रयोग मात्र तैवानने पाश्चात्त्य वैद्यकात केला. २००१ मध्ये मधुमेह, दमा, क्षय, स्तनाचा कर्करोग आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग या पाच विकारांसाठी वेगळ्या मोबदल्याच्या योजना सुरू झाल्या. यांपैकी मधुमेहाची योजना सविस्तर पाहण्यासारखी आहे. योजनेत जायचे की नाही हे डॉक्टरने स्वतः ठरवावयाचे होते. गेल्यावर, आपल्या रुग्णांपैकी कोणाची नोंदणी करावयाची हेही बव्हंशी त्यानेच ठरवावयाचे होते. नोंदणी केलेल्या रुग्णाची पहिली सविस्तर तपासणी, ठरावीक काळाने पुनर्तपासणी आणि वर्षाअखेरचे मूल्यमापन यांसाठी नेहमीच्या दराहून अधिक पैसे मिळत. त्यांत रक्तशर्करेचा तीन महिन्यांचा आढावा देणारी एचबीए१सी तपासणी, मेदाची तपासणी, डोळे व पाय यांची परीक्षा आणि रुग्णाला आहार-विहाराचे शिक्षण यांचा अंतर्भाव होता. परिचारिका व आहारतज्ज्ञ यांनाही या कामात स्थान होते. पुढे २००६ च्या अखेरीस केवळ तपासणीसाठीच नव्हे, तर शर्करा आणि मेद यांत प्रत्यक्ष सुधारणा घडल्याबद्दलही अधिक रक्कम देण्यास आरंभ झाला.

परिणाम चांगले दिसले. नोंदणीकृत रुग्णांच्या तपासण्या वेळेवर होऊ लागल्या. ज्यांचे डोळे वर्षानुवर्षे कोणी पाहिले नव्हते, त्यांचे पाहिले जाऊ लागले. क्षयरोगातही पूर्ण उपचार होऊन बरे होणाऱ्यांचे प्रमाण सुधारले. येथवर कोणाचीही तक्रार असण्याचे कारण नाही.

पण नंतर अभ्यासकांनी वेगळा प्रश्न विचारला. नोंदणीत कोण आले हे न पाहता, कोण राहिले हे त्यांनी पाहिले. तेव्हा असे दिसले की वृद्ध, अनेक विकारांनी ग्रस्त, उपद्रवयुक्त आणि गंभीर अवस्थेतील मधुमेही तुलनेने बाहेरच राहिले होते. कोणी त्यांना दारातून हाकलले नव्हते. त्यांची चिकित्सा पूर्ववत चालूच होती. फक्त ज्या कागदावर त्यांचे नाव लिहिल्याने अधिक लक्ष, अधिक वेळ आणि अधिक शिक्षण त्यांच्या वाट्याला आले असते, त्या कागदावर त्यांचे नाव लिहिले गेले नाही. म्हणजे ज्यांना त्या अधिकाची सर्वाधिक गरज होती, त्यांच्यापर्यंतच ते पोचले नाही. यात कोणा डॉक्टरला दुष्ट ठरवण्याचे कारण नाही. जो रुग्ण सांगितलेले ऐकतो, वेळेवर येतो, ज्याची शर्करा थोड्या प्रयत्नाने खाली येईल, त्याचे नाव आधी लिहावेसे वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे.

हे वाचताना आम्हांस चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दहावा अध्याय आठवला. तुम्हांसही आठवला असेल. असाध्य व्याधीची चिकित्सा हाती घेणाऱ्या वैद्याच्या पदरी धनहानी, विद्याहानी आणि यशोहानी येते, असा तेथे इशारा आहे. आपण तो विद्यार्थिदशेत व्यवहारज्ञान म्हणून पाठ केला. साध्य-असाध्यतेचा विचार केल्यावाचून चिकित्सेस हात घालू नये, हा त्यातील शास्त्रार्थ अचूकच आहे. परंतु त्या काळी यशोहानी ही वैद्याची स्वतःची चिंता होती, आणि तिला तोलून धरणारी मैत्री आणि कारुण्य ही वैद्यवृत्तीही त्याच्या आधीच्या अध्यायात सांगितली आहे. आता विमा कंपनी ती यशोहानी दरपत्रकात छापू पाहत आहे. फलश्रुतीवर पैसे मिळणार असतील, तर कृच्छ्रसाध्य रुग्ण हा प्रत्येक वैद्याच्या हिशेबात तोट्याचा रुग्ण ठरेल. आणि याप्य रुग्ण, जो बरा होणार नाही पण ज्याला आपण सांभाळत राहावयाचे आहे, त्याला तर त्या हिशेबात रकानाच नसेल.

आमच्या चिकित्सालयात आमवाताची एक वृद्ध रुग्णा गेली अकरा वर्षे येत आहे. हातांची बोटे वाकली आहेत, सोबत मधुमेह आहे, आणि सून कामावर गेली की पथ्याचे कोणी पाहत नाही. तिचा आमवात आम्ही बरा केला नाही, करू शकणारही नाही. आज ती स्वतःच्या हाताने वेणी घालते, एवढेच आमचे यश. ते यश सहा महिन्यांच्या कोणत्याही तक्त्यात सुधारणा म्हणून दिसणार नाही, कारण गेल्या सहा महिन्यांत ती जशी होती तशीच आहे. तिला तसे ठेवण्यातच आमची सारी चिकित्सा खर्च झाली आहे. आमच्या मोबदल्याचा काही भाग तक्त्यातील सुधारणेवर अवलंबून असता, तर अकरा वर्षांपूर्वी आम्ही तिला मोठ्या रुग्णालयाचा पत्ता लिहून दिला नसता, असे छातीठोकपणे सांगण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

ब्रिटनचा अनुभवही थोडक्यात पाहण्यासारखा आहे. तेथे २००४ मध्ये कुटुंबवैद्यांसाठी १४६ कसोट्या आणि त्यांचे १०५० गुण ठरवून गुणांना पौंडांचे मोल देण्यात आले. दमा आणि मधुमेह यांच्या शुश्रूषेत प्रारंभी वेगाने सुधारणा झाली, नंतर तो वेग मंदावला. ज्या गोष्टींना गुण नव्हते त्यांपैकी काहींचा दर्जा घसरला आणि रुग्णाला आपला नेहमीचा डॉक्टर भेटण्याचे प्रमाण कमी झाले. स्कॉटलंडने २०१६ मध्ये ही पद्धत बंदच केली. ज्याला गुण नाहीत त्याकडे लक्ष नाही, हा परीक्षार्थी विद्यार्थ्याचा न्याय वैद्यालाही लागू पडतो.

आता हेच आपल्या चिकित्सेला लावून पाहू. विमा कंपनीचा अधिकारी उद्या आपल्यास विचारील, “तुमच्या पंचकर्माची गुणवत्ता आम्ही कशी मोजावी?” आणि आपल्यापैकी कोणी उत्साही वैद्य त्यास अभिमानाने सांगेल की आमच्याकडे मोजमाप सहस्रावधी वर्षांपासून आहे. ते खोटेही नाही. वमनात चार, सहा, आठ वेग. विरेचनात दहा, वीस, तीस वेग. हीन, मध्यम आणि प्रवर शुद्धी. त्याप्रमाणे तीन, पाच किंवा सात दिवसांचा संसर्जनक्रम. इतकी स्वच्छ अंकगणना अन्य शास्त्रांतही क्वचितच आढळेल. अधिकाऱ्याचे समाधान होईल. तो प्रवर शुद्धीस पूर्ण मोबदला, मध्यमास तीन चतुर्थांश आणि हीनास निम्मा, असा तक्ता करून आणील.

त्या दिवसापासून महाराष्ट्रातील प्रत्येक वमन प्रवर होईल. काही कागदावर होतील, आणि तो त्यातल्या त्यात बरा प्रकार. भय आहे ते प्रत्यक्षात होणाऱ्यांचे. मृदुकोष्ठी, अल्पबल रुग्णाला पाच वेगांत सम्यक् लक्षणे आली असता वैद्य थांबणार नाही. आठ पुरे करील. अतियोगाची लक्षणे काय असतात आणि त्यांचा शेवट कोठे होतो, हे या नियतकालिकाच्या वाचकांस सांगावयास नको. शास्त्राने वेगांच्या आणि मानाच्या मोजणीबरोबर लैंगिकी शुद्धीही सांगितली, आणि निर्णयाचे वेळी परंपरेने तिलाच प्रमाण मानले, ते याच कारणाने. वेग मोजावे, पण थांबावे लक्षणांकडे पाहून. मोजलेल्या वेगांना किंमत आली, की नजर लक्षणांवरून उठून बोटांवर जाते.

मग काय मोजू नये? आमचे मत तसे नाही. वेगांची संख्या ही मोबदल्याची कसोटी होऊ शकत नाही. पण वेगांची नोंद झाली की नाही, स्नेहपानाच्या रोजच्या मात्रेची व जीर्णाजीर्ण लक्षणांची नोंद झाली की नाही, वमनापूर्वी आणि नंतर नाडी व रक्तदाब लिहिला की नाही, वैद्य त्या वेळी जागेवर होता की नाही, आणि शुद्धीनुसार संसर्जनक्रम रुग्णाकडून खरोखर पाळून घेतला की नाही, या सर्व गोष्टी मोजता येतात. त्या मोजल्याने कोणाचे वमन अधिक उग्र करण्याचा मोह होत नाही. रुग्णाचे त्यांत हितच आहे.

दुसरी गोष्ट चतुष्पादाची. वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण या चार पादांवर चिकित्सेची सिद्धी उभी असते, असे आपण मानतो. फळावर पैसे देणारी योजना मात्र चारही पादांचे श्रेय आणि दोष एकट्या वैद्याच्या खात्यावर मांडते. तैवानच्या मधुमेह योजनेत आम्हांस सर्वात आवडली ती ही बाब, की तिने रुग्णशिक्षणाला आणि त्यासाठी लागणाऱ्या मनुष्यबळाला वेगळे स्थान दिले. आपल्या परिभाषेत बोलायचे तर परिचारक या पादालाही मोबदला दिला. आपल्याकडे केरळीय पद्धतीच्या अभ्यंगासाठी आलेला परिचारक सहा महिन्यांत दुसरीकडे जातो, कारण त्याच्या कौशल्याला कोणत्याही दरपत्रकात किंमत नाही. विमा कंपनीला खरोखर गुणवत्ता विकत घ्यावयाची असेल, तर तिने येथून आरंभ करावा.

औषध या पादाचा विचार फार्मसीचालक वाचकांनी विशेष करावा. तैवानच्या विम्यात चिनी औषधांपैकी जीएमपी प्रमाणित कारखान्यांत तयार झालेल्या घनसत्त्व कणांचेच पैसे मिळतात. वैद्याने वनस्पती मोजून देऊन घरी उकळावयास सांगितलेल्या काढ्याचा खर्च बहुतांशी रुग्णच करतो. विम्याच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. कणांची मात्रा, बॅच आणि किंमत लिहिता येते. काढ्याची येत नाही. परंतु त्यामुळे एका पिढीत तेथील चिकित्सेचे रूपच पालटले आणि कण हाच रोजचा व्यवहार झाला. आपल्याकडे औषधनिर्मितीसाठी शेड्यूल टी २००० साली आले. स्वतःच्या रुग्णांपुरते औषध स्वतः बनवणाऱ्या वैद्याला कायद्याने परवान्यातून सूट दिली आहे. ही सूट कायद्यात राहीलही, पण विमा कंपनी ज्या बिलावर बॅच क्रमांक नाही ते चुकवणार नाही, आणि मग ती सूट कागदावरच राहील. मोठ्या फार्मसींना यात लाभ दिसेल. त्यांनी हेही ध्यानी घ्यावे, की ज्याला किंमत कणांत आणि गोळ्यांत मोजायची सवय लागली, तो पुढच्या वर्षी तीच गोळी स्वस्त कोण देतो हे विचारतो. गुणवत्तेचा मोबदला औषधाला लावायचा असेल, तर द्रव्याची ओळख, जड धातूंची तपासणी आणि कालमर्यादा यांवर तो लागावा. कल्पाच्या रूपावर नव्हे. ताजा क्वाथ हे आपल्या चिकित्सेचे हीन रूप नाही.

येथपर्यंत आम्ही विमा कंपन्यांस शहाणपण सांगितले. आता थोडे स्वतःविषयी. काही वर्षांपूर्वी आमच्याच एका रुग्णाच्या विरेचनाचा दावा नामंजूर झाला. टीपीएचे पत्र वाचून आम्ही संतापलो. आयुर्वेदाविषयीचा आकस, परकीय मनोवृत्ती वगैरे शब्द असलेले दोन पानी उत्तर लिहावयास बसलो. उत्तराला जोडण्यासाठी केसपेपर काढला. सात दिवसांच्या स्नेहपानापैकी चार दिवसांची मात्रा लिहिलेली होती. विरेचनाच्या दिवशी फक्त ‘वि. कर्म सम्यक्’ एवढेच अक्षर होते. वेग किती, केव्हा सुरू झाले, केव्हा थांबले, काही नाही. संसर्जनक्रम तोंडी सांगितला होता. कर्म खरोखर सम्यक् झाले होते, हे आम्हांस ठाऊक होते, रुग्णास ठाऊक होते. तिसऱ्यास ते कळण्याचा कोणताही मार्ग आम्ही ठेवला नव्हता. ते दोन पानी उत्तर आम्ही पाठवले नाही, आणि दाव्याची रक्कम अर्थातच रुग्णाच्या खिशातून गेली.

नियामकाच्या व्याख्येप्रमाणे आयुष रुग्णालयास किमान पाच खाटा, चोवीस तास पात्र वैद्य, आणि रुग्णांच्या दैनंदिन नोंदी आवश्यक आहेत. पहिल्या दोन अटींवर आपल्या बैठकांत तासन् तास चर्चा होते. तिसरीवर होत नाही.

आपल्यातील काही ज्येष्ठांचे म्हणणे आहे की या फंदात पडूच नये. आयुर्वेद राजाश्रयावाचून जगला, तो विम्यावाचूनही जगेल. त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे, आणि ज्यांचा व्यवसाय रोख पैसे देऊ शकणाऱ्या रुग्णांवर उत्तम चालतो त्यांच्यापुरते ते खरेही आहे. पण ज्याच्याजवळ विम्याचे कार्ड आहे आणि रोख नाही, तो रुग्ण त्यांच्याकडे येणार नाही. दुसरा पक्ष म्हणतो की आयुर्वेदात प्रत्येक रुग्णाची चिकित्सा निराळी, तिला मोजपट्टी लावताच येणार नाही. चिकित्सा निराळी असते हे मान्य. परंतु रुग्णाला पहाटे आधाराशिवाय उठता येते की नाही, वेदनाशामक गोळ्या आठवड्यात किती लागतात, रात्रीतून किती वेळा जाग येते, हे प्रकृती कोणतीही असली तरी विचारता येते.

यास्तव आमचे म्हणणे असे की, विमा कंपन्यांशी किंवा शासनाशी गुणवत्तेच्या मोबदल्याविषयी बोलणी होतील तेव्हा संघटनेने एक अट सर्वांत आधी मांडावी आणि तिच्यावरून हटू नये. कोणत्या रुग्णाची नोंदणी करावयाची हे ठरवण्याचा अधिकार वैद्याकडे असू नये. एखाद्या व्याधीसाठी योजना लागू केली, तर त्या वैद्याकडील त्या व्याधीचे सर्व रुग्ण तिच्यात मोजले जावेत : सोपे, कठीण, पथ्य पाळणारे आणि न पाळणारे. ही अट आपल्याच व्यवसायाला जाचक वाटेल, कारण वैद्याचे स्वातंत्र्य म्हणून जे आपण सांभाळतो त्यातलाच एक भाग ती काढून घेते. तरीही ती आपणच मागावी. तैवानमध्ये डॉक्टरांना ते स्वातंत्र्य मिळाले आणि त्याची किंमत दुर्बळ रुग्णांनी दिली.

या अटीबरोबर तिची जोडअट येते. सर्व रुग्ण मोजावयाचे, तर कठीण रुग्ण सांभाळणाऱ्यास अधिक मिळाले पाहिजे, अन्यथा तो खड्ड्यातच जाईल. सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य हे आपले वर्गीकरण याच कामाचे आहे. अर्थात यातही चोरवाट आहे, हे आम्ही लपवत नाही : कृच्छ्रसाध्याला दर अधिक मिळू लागला, की गावातील सारे व्याधी एका रात्रीत कृच्छ्रसाध्य होतील. म्हणून साध्यासाध्यता केवळ वैद्याच्या शब्दावर न ठरता, व्याधीची वर्षे, वय, उपद्रव, सोबतचे व्याधी आणि चालू असलेली अन्य औषधे अशा पडताळता येणाऱ्या गोष्टींवर पहिल्याच भेटीत लिहिली जावी, नंतर नव्हे. याप्य रुग्णाबाबत सुधारणा न मोजता, तो टिकून आहे का आणि नियमित येतो का, एवढेच मोजावे. पाच खाटांच्या तालुक्याच्या रुग्णालयास एनएबीएचचा खर्च प्रथम स्वतः करून मग १५ टक्क्यांची वाट पाहणे परवडणारे नाही. त्यास मानांकनाच्या तयारीसाठी आगाऊ रक्कम मिळाली पाहिजे. नाहीतर गुणवत्तेचे पैसे ज्यांच्याकडे गुणवत्तेची साधने आधीच आहेत त्यांच्याकडेच जातील.

या अटी आपण कशाच्या बळावर मागणार? आज आपल्या हाती आपल्या स्वतःच्या रुग्णांचे आकडे नाहीत. आमवाताच्या शंभर रुग्णांपैकी किती याप्य असतात, किती दोन वर्षांनी येणे सोडतात, हे आपल्या एकाही शाखेस सांगता येणार नाही. म्हणून आमची सभासदांस विनंती अशी आहे. येत्या वसंत ऋतूत आपल्याकडे होणाऱ्या प्रत्येक वमनाची एक पानी नोंद ठेवावी : वय, व्याधी व त्याची वर्षे, पहिल्या दिवशी ठरवलेली साध्यासाध्यता, स्नेहपानाची रोजची मात्रा, वेग, थांबण्याचे कारण, संसर्जनक्रम किती दिवस सांगितला आणि किती दिवस पाळला गेला. रुग्णाचे नाव लिहू नये. वमन अर्धवट राहिले, हीनयोग झाला, रुग्ण मध्येच घरी गेला, तर तेही पान बाजूला न काढता सोबत ठेवावे. पाने शाखेच्या कार्यवाहांकडे द्यावीत. हीनयोगाचे एकही पान न आलेल्या शाखेस आम्ही स्वतः भेट देऊ.